घोडेस्वार गेल्यावर

भिंगार
२ जून १९९६

चि. भारती,
जय भीम.

तू पोचल्याचं कार्ड टाकलं नाहीस. पाथर्डीचा जीपवाला छगन परवा स्टँडवर भेटला. म्हणाला, ताईंना बोरखड्याच्या फाट्यावर मीच सोडलं. म्हणजे पोचलीस. बरं झालं.

तुझी छत्री इथं राहिली आहे. खुंटीला लावून ठेवलीय. पाठवू की आलीस की नेशील, ते कळव.

इकडं सगळं ठीक. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. तुझ्या आईच्या फोटोची काच तडकली होती, ती बदलून आणली. जालिंदर रोज संध्याकाळी येतो. डेपोत जन्मभर माझ्या शेजारी उभं राहून लष्कराच्या गाड्यांची इंजिनं उघडली, आता रिटायर झाल्यावर माझ्या शेजारी बसून टीव्ही बघतो. काल म्हणाला, "पोरीला पत्र टाकलंस का?" म्हटलं, "टाकतो." म्हणाला, "टाकतो म्हणजे टाकलं नाहीस." म्हणून लिहायला बसलो.

एवढं झालं तरी काय होतं? रविवारची दुपार. केबलवर तो घोड्यांचा इंग्रजी पिक्चर लागला. तू लहान असताना ज्याची गोष्ट माझ्याकडून दहा वेळा ऐकून झोपायचीस, तोच. मला वाटलं, इतकी वर्षं पोरीनं नुसती ऐकली, आता डोळ्यांनी बघू दे. म्हणून तुला स्वयंपाकघरातून हाक मारली. जालिंदर होताच. रेड इंडियन लोकांच्या छावणीवर हल्ला होतो तिथं आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. जुनी सवय. थिएटरात सगळेच वाजवायचे.

तू टीव्हीसमोर येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "बाबा, तुम्ही कुणासाठी टाळ्या वाजवताय? ते डोंगरावर पिसं लावून उभे आहेत ना, ते आपण आहोत. घोड्यावरनं येतायत ते बोरखड्यातले मोठ्या मळ्याचे लोक."

मी म्हटलं, पिक्चर आहे, पिक्चरसारखा बघ.

तू म्हणालीस, "पडणाऱ्या माणसांतल्या एकाचं तरी नाव सांगा."

आता मी कुठून सांगणार? त्यांना नावं नसतातच. मग तू आणखी एक शब्द बोललीस. तो मी इथं लिहीत नाही. ताट तसंच झाकून ठेवून तू दुपारच्याच गाडीनं गेलीस.

तू त्या गावात शाळेवर शिकवायला गेलीस तेव्हाच मला पटलं नव्हतं. सगळा जिल्हा सोडून तुला बोरखडंच मिळालं. आपल्या लोकांनी तिथल्या गायरानात दगड वेचून ज्वारी करायला लागून किती वर्षं झाली. आता गाव म्हणतंय, गायरान गुरांचं आहे, मोकळं करा. हे भांडण तू गेलीस म्हणून मिटणार आहे का? अर्ज, मोर्चे, तहसील. बाईमाणूस एकटी. मी आडवा आलो नाही. पण ते गाव माझ्या घरात आणू नकोस, एवढंच माझं म्हणणं होतं.

तब्येतीला जप.

तुझा,
बाबा


भिंगार
१८ ऑगस्ट १९९६

चि. भारती,
जय भीम.

हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

मी तो पिक्चर पुन्हा बघितला. केबलवाला पंकज तयारच होईना. त्याच्याकडं कॅसेट आहे, ती तो आपल्या गल्लीच्या चॅनेलवर लावतो. म्हणाला, "काका, घोडे लावले की बायका शिव्या घालतात, त्यांची मालिका बुडते." मी त्याच्या दुकानात जाऊन नुसता बसायला लागलो. शेवटी कंटाळून त्यानं एका दुपारी लावला. जालिंदरला बोलावलं नाही. दार लावून घेतलं. हल्ली टीव्हीला जवळ सरकून बसावं लागतं. डाव्या डोळ्यापुढं धूर धरल्यासारखं होतं, उजवा चालतो. ते असो.

तू म्हणालीस ते बघायचं म्हणूनच बसलो होतो. पहाट असते, तंबूंतून धूर निघत असतो आणि टेकडीवरून घोडेस्वार उतरतात. मी आजवर घोडेस्वारांकडंच बघत आलो. या वेळी खाली बघितलं. एक म्हातारी तंबूतून बाहेर येते. हातात भांडं आहे. सगळे पळतायत, ती पळत नाही. भांड्यातलं सांडू नये म्हणून जपून पाय टाकते. तेवढ्यात मधे घोडा येतो, आणि मग ती दिसतच नाही. पुढं तिचं काही नाही. मेली का वाचली, पिक्चरवाल्याला त्याची पडलेली नाही.

किती वेळा बघितलाय मी हा पिक्चर. ही बाई मला कधी दिसली नव्हती.

म्हणजे तुझं खरं आहे. एवढं लिहायला मला पावसाळा अर्धा घालवावा लागला.

आता माझं ऐक. टाळ्या कशाला वाजवत होतो, ते तू विचारलं नाहीस. रागात होतीस.

आपण धम्म घेतला त्याला वर्षही झालं नव्हतं. बोरखड्यात आपल्या लोकांनी मेलेली गुरं ओढायचं बंद केलं, आणि गावानं आपल्याला बंद केलं. दुकानात मीठ मिळेना. कुणी कामाला बोलवेना. माझी आई, तुझी आजी मुक्ताबाई, तिनं एका सकाळी भाकरी बांधून माझ्या हातात दिली. म्हणाली, "नगरला जा. हितं थांबलास तर कुनाचं तरी डोकं फोडशील, न्हाई तर कुनी तुजं फोडंल." मी एकोणीस वर्षांचा. पाथर्डीपर्यंत चालत आलो. वाटेत एका वस्तीवर पाणी मागितलं. ओट्यावर म्हातारा बसला होता. त्यानं तांब्या उचलला, आणि थांबला. "कुनाचा रं तू?" मी सांगितलं. त्यानं तांब्या खाली ठेवला. रागानं नाही बरं का. सवयीनं.

डेपोत लागलो, आणि पहिल्या पगारातून कॅम्पातल्या थिएटरात हा पिक्चर बघितला. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. एक माणूस घोड्यावरून येतो. धुळीनं भरलेला. त्या गावात त्याला कुणी ओळखत नाही. दारूच्या दुकानात शिरतो, फळीवर हात ठेवतो. दुकानदार ग्लास ठेवतो, भरतो. बस. तू कुणाचा, कुठल्या आळीतला, काही नाही. तो पितो, ग्लास तिथंच ठेवतो, आणि दुसरा कुणी येऊन त्यातच पितो.

भारती, मी अंधारात रडलो होतो. शेजारी बसलेला शिपाई म्हणाला, "अरे, अभी कोई मरा नहीं." पुढं गोळ्या झाल्या, घोडे पळाले, शेवटी तो माणूस सगळं गाव मागं टाकून निघून गेला. ते सगळं मी बघायचो. पण तिकीट काढून पुन्हा पुन्हा जायचो ते त्या ग्लासासाठी. मला वाटायचं, असंही गाव कुठंतरी आहे. त्याच देशात त्या म्हातारीचं भांडं सांडलं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मला दिसलं नाही.

आणखी एक. त्या दिवशी तू बोलत असताना मी टीव्हीचा आवाज वाढवला. गेल्या पत्रात ते लिहिलं नाही. आणि तू म्हणालीस, "तुम्ही बोरखड्यातनं पळून आलात," तेही लिहिलं नाही. मी पळून आलो नाही. मला आईनं पाठवलं. पण तुला हे कळणार कसं? मी घरात त्या गावाचं नावच काढू दिलं नाही. आई तिथंच राहिली, तिथंच गेली. तिला माती देऊन आलो तो परत गेलोच नाही.

उत्तर टाक. दोन ओळी टाक.

तुझा,
बाबा


भिंगार
२० ऑक्टोबर १९९६

चि. भारती,
जय भीम.

हे अक्षर जालिंदरचं आहे. माझ्या बोटाला पान्हा लागलाय, पेन धरवत नाही. काळजीचं काही नाही. मी सांगतो, तो लिहितो.

तुझं कार्ड आलं. "बाबा, ग्लासाचं तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. ज्वारीची पेरणी झाली. मी बरी आहे." एवढंच. पण मी ते उशाशी ठेवलंय. जालिंदरकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणजे आधी मी वाचलं, मग त्याच्याकडून.

चौदा तारखेला विहारात जाता आलं नाही. सगळे विचारत होते म्हणे.

पंकजनं परवा आपण होऊन तो पिक्चर लावला. मला म्हणाला, "काका, तुमच्यासाठी." आता पोरगं एवढं म्हणतंय तर. या वेळी मी डोळे मिटून नुसता ऐकला. टापा, गोळ्या, बायकांचं ओरडणं. जालिंदरला म्हटलं, "त्या खोऱ्याच्या जमिनीसाठी एवढी माणसं मरतायत. कुणी नांगर धरलेला दिसला तर मला सांग." तो पिक्चर संपेपर्यंत बघत बसला. शेवटी म्हणाला, "नाही रे. एकदाही नाही." बघ. जमीन, जमीन म्हणून सगळा पिक्चर, आणि कसणारा माणूस त्यात एक नाही. शेवटी तो घोडेस्वार निघून जातो आणि आपण उठून घरी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात काय झालं, खड्डे कुणी खणले, मढी कुणी पुरली, ते कुणी दाखवलंच नाही.

तर भारती, त्यावरून सांगतो. तू आता निघून ये. तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस. छगन सांगत होता, मोठ्या मळ्यावरच्या पोरांनी तुझ्या खोलीवर दगड टाकले. हे तू कार्डात लिहिलं नाहीस. "मी बरी आहे" लिहिलंस. नगरला शाळा काय कमी आहेत? डेपोतल्या एकाचा पुतण्या बँकेत आहे, चांगला आहे, त्यांच्याकडं बोलून ठेवलंय. काम झालं की माणसानं निघावं. त्या घोडेस्वारालाही तेवढं कळतं.

(एवढं मी लिहिणार नव्हतो. तो लिही म्हणतो म्हणून लिहिलं. — जालिंदर)

वाट बघतो.

तुझा,
बाबा


बोरखडे
२३ जानेवारी १९९७

चि. भारती,
जय भीम.

वरचं गाव वाचून दचकू नकोस. मी तुझ्याच खोलीत आहे. लंकाबाईनं कुलूप उघडून दिलं. तुझ्या वहीतलीच पानं फाडून लिहितोय. छगन संध्याकाळी नगरला जीप घेऊन निघेल, त्याच्या हाती देतो.

ऑक्टोबरनंतर तू एक अक्षर टाकलं नाहीस. का ते मला कळलं. दिवाळी गेली, नवं वर्ष लागलं. तीन दिवसांपूर्वी सकाळी जालिंदर पेपर घेऊन आला. म्हणाला, "ही आपली भारती ना?" फोटोत तू कलेक्टर कचेरीसमोर मांडवात बसली होतीस, मागं सगळं बोरखडं. खाली लिहिलं होतं, गायरानधारकांचं धरणं, चौथा दिवस.

चार दिवस तू नगरात होतीस. भिंगार तिथून किती लांब आहे? मी दिवसभर घरात बसून राहिलो. दाराकडं बघत.

दुसऱ्या दिवशी पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या. वाकड्या झाल्या. डबा घेऊन कचेरीपाशी आलो. रस्त्याच्या अलीकडच्या लिंबाखाली उभा राहिलो. तू दिसलीस. वाळलीस. एका म्हातारीला तू पाणी देत होतीस. घसा बसलेला होता तुझा, तरी घोषणा देत होतीस. मला रस्ता ओलांडवेना. मी येऊन उभा राहिलो असतो तर तू उठली असतीस, आणि लोकांसमोर तुला कळलं नसतं की रागवायचं का काय करायचं. मलाही कळलं नसतं.

छगननं मला गाठलं. "काका, चला की आत."

"नको. एवढा डबा दे तिला. कुणाचा ते सांगू नकोस."

"बरं." मग म्हणाला, "हितं जमलंय झ्याक, पर तिकडं रान उघडं पडलंय. सगळी तरनी मान्सं हितं. मागं निस्ती म्हातारी. ज्वारी हुरड्यात आलीय. मळ्यावाल्यांनी गुरं सोडली तर कोन आडवनार?"

मी काय बोललो आठवत नाही. त्याच्या जीपमध्ये पुढं बसलो होतो एवढं खरं. पाथर्डी मागं पडली. वेशीपाशी त्यानं विचारलं, "काका, घाम का आलाय?" म्हटलं, "ऊन आहे." जानेवारीचं ऊन.

लंकाबाईनं मला ओळखलं. मी तिला ओळखलं नाही. माझ्या आईच्या मागं मागं फिरणारी ती नवी सून, आता दात नाहीत तिला. मला सरळ रानात घेऊन गेली. ओढ्याकाठचा तो तुकडा दाखवला. "हितं तुज्या आईनं खडं येचलं. मी बी तिच्यासंगं हुते. दिवसभर येचायचो आन् सांजंला बघावं तर परत तेवढंच. ती म्हनायची, लंके, जमीन दगडं विते." हे मला माहीत नव्हतं. मी नगरला होतो, पैसे पाठवायचो. तिनं मागं रान केलं, हे मला कुणी बोललं नाही. त्या दगडांची बांधासारखी रचलेली ताल अजून तिथं आहे. मी तिच्यावर बसलो.

काल दुपारी मच्छिंद्र आला. मोठ्या मळ्याचा मच्छिंद्र, माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकाच ओढ्यावर गुरं पाजायचो, तो वरच्या अंगाला, मी खालच्या. मागं त्याची वीस-पंचवीस गुरं, दोन गडी. आम्ही सात-आठ म्हातारी माणसं बांधावर उभी राहिलो.

"कोन हाय रं त्यो?" त्यानं लांबूनच विचारलं.

"श्रीमंत."

"कोन श्रीमंत?"

लंकाबाई ओरडली, "मुक्ताबाईचा!"

तो जवळ आला. खाली-वर बघितलं. "हाईस व्हय तू अजून? मला वाटलं, मेला असशील."

"नाही मेलो."

"डोळ्याला काय झालं? एवढा जाड चष्मा?"

"मोतीबिंदू. ऑपरेशन केलं."

"माजा बी डावा गेलाय. लई दुखतं का रं?"

"नाही. सरकारी दवाखान्यात जा. आधी नीट बोलतात, मग सुई मारतात."

त्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं. गुरं मागं दाटली होती. मग म्हणाला, "श्रीमंता, ह्ये गायरान हाय. गुरांनी जायाचं कुठं?"

"आणि आम्ही?"

"तू तर गेल्तास की."

"मी गेलो. ही कुठं गेली?" मी लंकाबाईकडं बोट केलं.

त्यानं ज्वारीकडं बघितलं. शेवटी काठी फिरवली. "आज न्हाई. आज तू पाव्हना हाईस. उद्याचं मी सांगत न्हाई." आणि गुरं वळवली.

लंकाबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही वाटलं, झालं. खोटं कशाला सांगू, पिक्चरसारखंच वाटलं. एक म्हातारा उभा राहिला आणि गुरं मागं फिरली.

आज सकाळी त्याच्या पुतण्यानं गुरं ओढ्याकडनं घातली. आम्ही वरच्या बांधावर राखण करत बसलो होतो. ओरडत, पळत पोचलो तोवर गुरं आत होती. मी एका गाईच्या शिंगाला धरलं. पुतण्यानं मला छातीवर ढकललं. पडलो. चष्मा कुठं गेला कळलं नाही, गुरांच्या पायाखाली गेला असावा. हे उजव्या डोळ्यावर कसंबसं लिहितोय. ओढ्याकडचं निम्मं रान गेलं. आजीच्या तालीपासून खालचं सगळं. लंकाबाई मोडलेली कणसं गोळा करत बसली होती.

पिक्चरमध्ये एकटा माणूस पुरतो. इथं आम्ही सगळे मिळूनही पुरलो नाही. तू एवढी माणसं गोळा करून त्या मांडवात का बसली आहेस ते मला आज कळलं. तिथून उठू नकोस. रान आम्ही बघतो. उरलंय तेवढं.

आणि एक राहिलं. ऑक्टोबरात बोटाला काही लागलं नव्हतं. ऑपरेशन तेव्हाच झालं. तुला कळवायचं नव्हतं. तू ये, पण त्यासाठी येऊ नयेस असं वाटत होतं. घरी थेंब टाकायला कुणी नव्हतं. जालिंदरचे हात कापतात. मीच टाकायचो, निम्मे कानात जायचे. आणि मी तुला निघून ये लिहिलं ते तुझ्या भल्यासाठी कमी, मला घर खायला उठायचं म्हणून जास्त. जालिंदरला ते कळलं होतं.

छगन हॉर्न वाजवतोय.

तुझा,
बाबा


बोरखडे
१२ जुलै १९९७

चि. भारती,
जय भीम.

अकोल्याहून टाकलेलं तुझं पत्र मिळालं. तिकडं पाऊस इतका की कपडे वाळत नाहीत, हे वाचून इथल्या बायका हसल्या. लंकाबाई म्हणाली, "थोडा हिकडं धाड म्हनावं."

तुझी बदली शाळेच्या संस्थेनं मुद्दाम केली, जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तू राजीनामा द्यायला निघाली होतीस. दिला नाहीस ते बरं केलंस. पोरं तिकडंही आहेत. आणि गायरानाचं काम आता एका तुझ्यावर राहिलेलं नाही. गेल्या सोमवारी आम्ही सगळे तहसीलला जाऊन आलो. साहेब म्हणाले, प्रकरण वर गेलंय. म्हटलं, मग आम्ही खाली बसतो. बसलो. चहा आला.

तू गेल्यापासून जानेवारीतला तो दिवस सारखा माझ्या डोळ्यापुढं येतो. तुम्ही सगळे जीपा भरून परत आलात, मागं तहसीलदारांची गाडी. उभं पीक काढू द्यायचा हुकूम घेऊन. लोक गुलाल उधळत होते. मी तालीवर बसलेला. लंकाबाई माझ्या खांद्याला हळद लावत होती. तू गर्दीतून सरळ माझ्याकडं आलीस. मला वाटलं, आता काय बोलणार.

"चष्मा कुठंय?"

"तुटला."

"मग दिसतं का काही?"

"लांबचं धूसर दिसतं. तू येताना दिसलीस. पण ओळखली नाही, जवळ आल्यावर ओळखली."

तू खाली बसलीस. "बाबा, भाकऱ्या वाकड्या होत्या," म्हणालीस, आणि मग तुला रडू आवरेना. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हळदीचा होता. तुझे केस पिवळे झाले. आपण दोघं याहून जास्त काही बोललो नाही. मला वाटतं, तेवढं पुरलं. तुला पुरलं का, ते मी विचारलं नाही.

ओढ्याकडचं रान गेलं ते गेलंच. पण वरच्या तुकड्यांची ज्वारी बरी झाली. मला वाटलं होतं, खळं झालं की भिंगारला परतू. मग तुझी बदली झाली. कुलूप कशाला घालायचं म्हणून मी आठ दिवस थांबलो. ते आठ दिवस अजून संपले नाहीत. भिंगारची खोली जालिंदरनं झाडून ठेवली आहे. तो एकदा येऊन गेला. म्हणाला, "इथं तू कुणाशी बोलतोस?" मी म्हटलं, "सकाळी लंकाबाईशी. संध्याकाळी कुणाशीच नाही."

ते खरं आहे. तुझ्यापाशी लपवत नाही आता. दिवेलागणीला फार एकटं वाटतं. तुझी चटई, तुझं स्टोव्हचं टेबल, भिंतीवर तू पोरांसाठी काढलेला नकाशा. इथं माझ्या वयाचे आपले लोक उरले नाहीत. जे आहेत ते ऊसतोडीला जाऊन जाऊन वाकलेत, लवकर झोपतात. मी ओट्यावर बसतो. गाव समोरच आहे, दिवे दिसतात. तिकडून मला कुणी बोलावत नाही, मीही जात नाही. हापशावर मात्र जातो. पहिल्या दिवशी बायका बाजूला सरल्या. आता सरत नाहीत. याहून जास्त काही झालेलं नाही. मी वाढवून सांगणार नाही.

बाजरी पेरली. आजीचा तुकडा मीच पेरला. पाभर धरता येईना, लंकाबाईच्या लेकानं शिकवलं. ओळी वाकड्या आल्यात, भाकऱ्यांसारख्या.

मच्छिंद्रनं डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. कोर्टात त्याचं नाव आपल्या विरुद्ध आहेच, तारखेला येतोही. पण सकाळी गुरं घेऊन बांधावरून जाताना थांबतो. बसत नाही. काठीवर हनुवटी टेकून उभा राहतो. आज थांबला, कोंबाकडं बघितलं. म्हणाला, "उगावलंय बरं."

"हो."

"पोरगी गेली न्हवं तुजी?"

"अकोल्याला. येते महिन्यातून."

"मग तू कवा जानार?"

मी खुरपत होतो. वर बघितलं. "कुठं?"

त्यानं हनुवटीखालची काठी काढली. मग गुरांमागं गेला.

तुझा,
बाबा